फुल थ्रॉटल म्हणे!
२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या बोस्टन रेड सॉक्सचा जुना पिचर क्रिस सेल याला साय यंग, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधला लीगच्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. अटलांटाकडून खेळून! त्या संध्याकाळी बोस्टनच्या ग्रीन लाइन ट्राममध्ये रेड सॉक्सची टोपी घातलेले एक आजोबा फोनवर तीच बातमी वाचत होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

त्याआधीच्या हिवाळ्यात रेड सॉक्सचे चेअरमन संघबांधणीबद्दल 'फुल थ्रॉटल', म्हणजे पूर्ण जोर, म्हणाले होते. केलं काय? सेलला देऊन टाकला, वर १.७ कोटी डॉलर मोजले आणि आणला ग्रिसम. २०२४ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .१९०, म्हणजे शंभर संधींत एकोणीसच हिट! पिचर जिओलिटोला दोन वर्षांचे ३.८५ कोटी, सीझनआधीच कोपर गेलं, त्या सीझनला एक बॉल टाकला नाही. दुखापत कोणाला आधी कळत नाही, मान्य. पण मोठा म्हणावा असा नव्या खेळाडूशी करार तेवढा एकच?

त्या सीझनला ८१ मॅचेस जिंकल्या, ८१ हरल्या.

तेव्हा स्टार बॅटर हुआन सोटो बाजारात होता, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. आमचे लोक त्याला भेटून आले होते म्हणे. मला काही हुरूप आला नाही.