मूठभर भडंग आणि ९१.४

वजनकाट्याशी माझा संबंध लहानपणापासूनचा. सांगलीत आमचं भडंगाचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. पाव किलोत दोन ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाईक कसं बघतं, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. स्वतः काट्यावर चढायचं मात्र मी चाळिशी उलटेपर्यंत टाळलं. चढलो तेव्हा १२८ किलो भरलो. उंची पाच फूट सहा इंच. साखर होती, बीपी होतं, आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकाला मशीन लावून झोपायचो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याला जाऊन वजन उतरवण्याचं ऑपरेशन, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, करून घेतलं. दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बहुतेक त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने भूक म्हणजे काय तेच विसरलो होतो. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग ताक, पातळ वरण, मग मऊ भात. त्या दिवसांबद्दल सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते पुढचं.

वजन पहिल्यांदा अडकलं ते तिसऱ्या आठवड्यात. ११६ वर नऊ दिवस. मी रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर. शेवटी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. त्या सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील आणि मला काका म्हणतात. मी तेव्हा पंचेचाळीसचा होतो, पण असो.

"काका, कमरेचा पट्टा कितव्या भोकावर आहे?"

पट्टा बघितला तर एक भोक आत गेला होता. त्यांनी समजावलं ते असं: यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो स्वतःच्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसलेला असतो. खाणं एकदम कमी झालं की तो साठा संपतो आणि पाण्यासकट वजन धडाधड उतरतं. मग शरीर थोडं पाणी परत धरतं. आत चरबी जळत असते, पण काट्यावर दिसत नाही. "काही करू नका. प्रोटीन घ्या, पाणी प्या, आणि काटा कपाटावर ठेवून द्या." दहाव्या दिवशी सव्वा किलो एकदम उतरलं.

तेव्हापासून पट्टा हा माझा दुसरा काटा झाला. हे पुढे कामाला आलं.

ऑक्टोबरपर्यंत ९१.४ वर आलो. १२८ मधून साडेछत्तीस किलो गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर पंधरा किलोचे जवळजवळ अडीच डबे तेल, जे मी इतकी वर्षं अंगावर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढत होतो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, बीपीची अर्धी झाली, नाकावरचं मशीन गेलं. आई म्हणायची, "बाळ, किती वाळलास रे." तिच्या लेखी नव्वद किलोचा माणूस म्हणजे वाळलेलाच.

आणि मग काटा तिथेच बसला. ९१.४, ९१.६, ९१.२, परत ९१.४. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. या वेळी पट्टाही जागचा हलला नाही. म्हणजे हे पाण्याचं प्रकरण नव्हतं, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

लोकांना मात्र सगळं कळत होतं. एक गिऱ्हाईक पैसे देता देता म्हणालं, "काय मालक, थांबलं वाटतं? ऑपरेशन फेल गेलं का?" एका नातेवाइकाने जिऱ्याचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं की पोट परत ताणलं गेलं असणार, एवढे लाख रुपये पाण्यात. हे दुसरं वाक्य डोक्यात घुसून बसलं. रात्री झोप येईना.

मग मी जे केलं ते करू नये. मोबाइलवर कुठेतरी बघितलं होतं की पाच दिवस नुसतं पातळ घेतलं की पोट पुन्हा 'पहिल्यासारखं' होतं. जानेवारीत केलं. सूप, ताक, प्रोटीनचं पाणी. पाचव्या दिवशी ८९.५. दुकानात पेढे वाटायचे बाकी होते. आठवडाभरात ९१.४. वरून चौथ्या दिवशी गोदामात चक्कर आली आणि भिंत धरून उभा राहिलो, ते बायकोला कळलं. "अहो, मशीन काढलंत तर आता हे सुरू केलंत?" एवढंच बोलली. पण त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. चालणंही दुप्पट करून बघितलं, आमराईत रोज दोन-दोन तास. गुडघा सुजला. वजन जागच्या जागी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्षाच्या तपासणीला पुण्याला गेलो ते मनात खटला तयार करूनच. सर्जनना विचारलं, पोट ताणलंय का, दुर्बीण घालून बघायची का? त्यांनी उलट विचारलं, उसळ किती खाता? अर्धी वाटी. चिकन? दोन तुकडे, तिसरा गेला की छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं, बेसिन गाठावं लागतं.

"म्हणजे नळी आवळलेलीच आहे," ते म्हणाले. "ती तिचं काम करतेय."

मग कागदावर हिशोब मांडला. माझ्या उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५ धरला तर वजन सत्तरच्या आसपास येतं. म्हणजे जास्तीचे अठ्ठावन्न किलो होते, त्यातले साडेछत्तीस गेले. शेकडा त्रेसष्ट. जास्तीच्या वजनातलं निम्म्याहून अधिक गेलं तर डॉक्टर मंडळी ऑपरेशन यशस्वी धरतात. आणि वर्ष-दीड वर्षानंतर वेग मंदावतोच, कारण शरीरच लहान झालेलं असतं. एक किलो वजन कमी झालं की नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा दिवसाला साधारण दहा कॅलरींनी कमी होते. साडेछत्तीस किलोचे झाले तीनशे पासष्ट. १२८ च्या माणसाला जे खाऊन वजन उतरत होतं, ते ९१ च्या माणसाला पुरून उरतं.

हे मला पटलं. धंद्यातही असंच आहे, गोदाम लहान केलं की भाडं लहान होतं. पण सगळंच त्याने सुटत नव्हतं. मी वही ठेवत होतो आणि वहीत रोजच्या बाराशे कॅलरी होत्या, जास्त नाहीत.

मॅडमनी वही वाचली. पानं उलटली, परत वाचली.

"काका, एवढंच खात असाल तर वजन उतरायला हवं. वहीत नसलेलं काय खाता?"

मला राग आला. चोरून खातो म्हणता का, असं तोंडावर आलंच होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं दुकान कशाचं आहे?"

"भडंगाचं."

"चव कोण बघतं?"

आता चव बघणं म्हणजे काही खाणं नव्हे. सुतार लाकडावरून हात फिरवतो तसं ते आहे. प्रत्येक घाणा परतून खाली उतरला की मूठभर घ्यायचा, मीठ बघायचं, तिखट बघायचं, चुरमुरा कुरकुरीत आहे का बघायचा. दिवसाला बारा-चौदा घाणे. शिवाय गिऱ्हाइकाला चव द्यायची तर आपणही सोबत दोन दाणे टाकायचे, नाहीतर तो म्हणतो मालक स्वतः खात नाही वाटतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "एक दिवस असं करा, जेवढ्या वेळा तोंडात टाकाल तेवढ्या वेळा तेवढीच मूठ एका रिकाम्या डब्यात टाका. रात्री वजन करा. काटा तर तुमच्याकडेच आहे."

सांगलीला परतल्यावर स्टीलचा डबा गल्ल्याजवळ ठेवला. साधा मंगळवार होता, सणवार काही नाही. रात्री शटर अर्धं खाली ओढून डबा तोलला. १५२ ग्रॅम.

मी तो काटा दोनदा शून्यावर आणला. १५२च. आमच्याकडे शंभर ग्रॅमचं पाकीट निघतं. घरातले चौघे चहाबरोबर खातात तरी उरतं. मी दीड पाकीट खाल्लं होतं आणि मला ते खाल्ल्यासारखं वाटलंसुद्धा नव्हतं. तेल, शेंगदाणे, वर पिठीसाखर. मॅडमना आकडा कळवला तर त्या म्हणाल्या, सातशेच्या घरात कॅलरी. आणि हो, चहा? साखरेचा, अर्धा अर्धा कप, सहा-सात वेळा. तो वहीत एकदाच लिहिलेला, 'चहा' म्हणून.

वजन अडकलं ते ऑक्टोबरच्या शेवटी. २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. म्हणजे दिवाळीचा माल सुरू झाला तेव्हाच. तेव्हा दिवसाला तीस-तीस घाणे निघत होते. तेव्हाचा डबा कोणी तोलला नाही ते बरंच आहे.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला कोणी आधी सांगितली असती तर चार महिने वाचले असते. त्या केळ्याएवढ्या नळीला घट्ट पदार्थ अडवता येतो. चिकन, पनीर, मटकी, भाकरी यांना ती अडवते, थांब म्हणते. भडंग मात्र तोंडात जाताच विरघळतं आणि पाण्यासारखं खाली उतरतं. बिस्किट, खारी, शेव, फरसाण, आइस्क्रीम, गोड चहा सगळं तसंच. आणि माणूस नकळत तिकडे वळतो, कारण चिकन छातीत अडकून त्रास देतं आणि भडंग कधीच देत नाही. मी दुपारचं जेवण चार घासांत सोडत होतो, 'जात नाही' म्हणून, आणि चारपासून मुठी सुरू.

त्यामुळे नुसतं भडंग बंद करून भागलं नाही. जेवण पुन्हा शिकावं लागलं. वहीतलं प्रोटीन मोजलं तर जेमतेम चाळीस ग्रॅम भरत होतं, सांगितलं होतं साठ ते ऐंशी. चिकन अडकत होतं कारण मी ते कोरडं आणि घाईघाईत खात होतो, गल्ल्यावर एक डोळा ठेवून. बायकोने ते रश्श्यात मऊ शिजवून बारीक तोडून द्यायला सुरुवात केली. जेवण वर, घरात, वीस मिनिटं, दुकान पोरांवर सोडून. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. सकाळी दोन अंडी, चार वाजता पनीरचे तुकडे किंवा चक्का. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. मी घास ढकलायला मध्ये पाणी पीत होतो आणि त्यामुळे पोट लवकर रिकामं व्हायचं.

रक्ततपासणीत थायरॉइड ठीक होतं, बी-१२ खाली होतं. ऑपरेशननंतर दिलेल्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मी सप्टेंबरपासून बंद केल्या होत्या, कारण बरं वाटत होतं. या गोळ्या जन्मभराच्या आहेत, हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलेलं नव्हतं. आता लोह सकाळी आणि कॅल्शियम दुपारी, दोन्हींत दोन तासांचं तरी अंतर.

फिजिओथेरपिस्टने दोन तासांचं चालणं अर्ध्यावर आणलं आणि वजन उचलायला लावलं, कारण चरबीबरोबर माझे स्नायूही गेले होते. मी म्हटलं, आमच्याकडे पोती आहेत. तो खूश झाला. चुरमुऱ्याचं पोतं म्हणजे नुसता आकार असतो हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी शेंगदाण्याच्या पाच पाच किलोच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. खुर्चीवरून उठणं-बसणं, पिशव्या घेऊन. पहिल्या दिवशी आठ वेळा जमलं.

वजन लगेच उतरलं नाही. पहिले दोन आठवडे ९१ च्या आसपासच, उलट एकदा ९२. मार्चच्या मध्यावर ९०.३. नव्वदच्या खाली गेलो तो दिवस गुढीपाडव्याच्या आसपासचा. मग महिन्याला दीड-दोन किलो, मध्ये जूनमध्ये परत तीन आठवडे गप्प. त्या वेळी पट्टा एक भोक आत सरकला होता, म्हणून काटा कपाटावर ठेवला आणि काही केलं नाही. ऑगस्टअखेर ८३.

दिवाळीची धास्ती होती. २०२४ च्या हंगामात चव बघायचं काम आमच्या कारागिराला दिलं. बावीस वर्षांचा आहे, काडीसारखा. मी दिवसातून दोनदाच बघायचो, सकाळचा पहिला घाणा आणि दुपारनंतरचा एक. तेवढं बघावंच लागतं. मिठाच्या बाबतीत मी अजून कोणावर विश्वास ठेवत नाही. दोन्ही मुठी डब्यात पडायच्या आणि रात्री तोलायचो, १८-२० ग्रॅम. ते वहीत लिहायचो, चहासकट.

हंगाम संपला तेव्हा ८२.१. जानेवारीपासून ८१ आणि ८२ च्या मध्ये आहे. सर्जन म्हणतात कदाचित हेच मुक्कामाचं ठिकाण असेल, कदाचित अजून दोन-तीन जातील. आई म्हणते आता पुरे.

डबा अजून गल्ल्याजवळच आहे. एकदा सहज म्हणून कारागिराचा डबा तोलून बघितला. २१० ग्रॅम. त्याला विचारलं तर म्हणाला, "मालक, मी तर फक्त चव बघतो."