ल्युकॅडेंड्रॉनची निवड : रंगाच्या आधी वंश बघा

थंडी सरत आली आहे आणि ल्युकॅडेंड्रॉनची झुडपं ऐन रंगात आहेत, म्हणून या हंगामाची नोंद आत्ताच करून ठेवतो. पुढच्या लागवडीसाठी जाती ठरवायच्या आहेत. या वेळी लेबलवरचा फोटो बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारतोय: हे झुडूप कोणाचं लेकरू आहे?

ल्युकॅडेंड्रॉनच्या सुमारे ऐंशी प्रजाती आहेत. त्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, आणि बहुतेक सगळ्या केपच्या फिन्बोस झुडूपरानातल्या. तिथली माती रेताड, आम्लधर्मी आणि निकस असते, आणि काही वर्षांनी वणवा येऊन सगळं जाळून जातो. वणव्यानंतर टिकून राहायच्या दोन रीती आहेत. सॅलिग्नम ही सर्वांत दूरवर पसरलेली प्रजाती. तिच्या बुंध्याशी जमिनीलगत एक फुगीर गाठ असते. वरचं सगळं जळून गेलं तरी त्या गाठीतून नवे फुटवे येतात. लॉरिओलम आणि डिस्कलर मात्र आगीत मरतात. त्यांचं बी शंकूंमध्ये वर्षानुवर्षं बंद असतं, आग लागल्यावर शंकू उघडतात आणि पुढची पिढी बियांतून उगवते.

बागेत या गोष्टीला इतकं महत्त्व का द्यायचं? कारण रंग आणि छाटणी यांचा इथे थेट संबंध आहे. आपण ज्याला रंगीत फूल म्हणतो ती खरं तर छदं असतात. बोगनवेलीसारखंच हेही. खरी फुलं आत बारीक असतात आणि त्यांच्याभोवतीची पानं रंगतात. ही छदं प्रत्येक फुटव्याच्या अगदी टोकाला येतात. म्हणजे जितके शेंडे तितका रंग, आणि शेंडे वाढवायचे तर छाटणी हवीच. ज्या झुडपात सॅलिग्नमचा अंश आहे ते बऱ्यापैकी खोल छाटणी सोसतं. ज्यात तो नाही त्याच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडात कात्री घातली तर ती फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही.

माझ्याकडचं सफारी सनसेट याची उत्तम साक्ष देतं. लॉरिओलम आणि सॅलिग्नम यांचा हा संकर न्यूझीलंडमध्ये तयार झाला. गेल्या वसंतात, रंग ओसरल्याबरोबर, प्रत्येक फांदी खालची थोडी हिरवी पानं राखून छाटली होती. उन्हाळाभर सरळसोट लांब दांडे आले. शरदात ते मद्यासारखे गडद लाल झाले आणि आता थंडीच्या शेवटी छदांचा गाभा पिवळसर होऊ लागलाय. एकाच दांड्यावर तीन महिन्यांत रंग असा सरकत जातो. म्हणून नुसत्या ‘लाल’ या शब्दावर मी कोणतीही जात निवडत नाही. कोणत्या महिन्यात कसा दिसतो ते विचारायचं. फुलदाणीतही हे दांडे आठवडेच्या आठवडे टिकतात, हा आणखी एक फायदा.

इंका गोल्डही याच दोन प्रजातींचा संकर, पण स्वभाव निराळा. दांडे तांबूस, आणि थंडीत छदं स्वच्छ पिवळी होतात, कडांना लालीची झाक. लाल झुडपाशेजारी हे लावलं की दोघांचाही रंग उठून दिसतो, त्यामुळे ही जोडी मी कोणालाही सुचवेन. जागा कमी असेल तर जेस्टर. तो सफारी सनसेटवरच आलेला एक चितकबरा फुटवा. पानांवर मलईरंगी आणि गुलाबी पट्टे असल्याने थंडी नसतानाही झुडूप रंगीत दिसतं. मलईरंगी भागात हरितद्रव्य कमी, म्हणून वाढ धिमी. मध्येच एखादा पट्टे नसलेला, जोमदार फुटवा येतो. तो दिसताच उगमापाशीच कापायचा, नाहीतर काही काळाने तोच सगळं झुडूप गिळतो. यंदा असे फुटवे पावसाळ्यानंतर दिसले आणि मी ते लगेच काढले.

डिस्कलरची नर जात पॉम पॉम मला सर्वांत देखणी वाटते. छदं फिकट मलईसारखी आणि मधोमध लालभडक गोंडा. पण हिचा वंश बियांतून उगवणारा, म्हणून हिला पहिल्या वर्षापासून कोवळे शेंडे हलकेच खुडून घेर द्यावा लागतो. पुढे उंच होऊन बुडाशी उघडी पडली की दुरुस्ती होत नाही. हे शेंडे खुडण्याचं काम माझं नेटानं चालू आहे आणि झुडूप सध्या छान गोल भरलंय.

नर म्हटलं म्हणून सांगतो, सगळ्याच ल्युकॅडेंड्रॉनमध्ये नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. शंकू फक्त मादीला येतात. बियांपासून केलेलं रोप काय निघेल ते फुलल्यावरच कळतं. नावाची जात मात्र छाटकलमांनीच वाढवलेली असते, त्यामुळे तिचं लिंग आणि रंग दोन्ही ठरलेले. ठरावीक रंग हवा असेल तर कलमच घ्या.

जागेचं थोडक्यात. दिवसभर ऊन हवं, सावलीत लाल जाती हिरवट राहतात. निचरा उत्तम हवा, कारण उबदार आणि चिकट ओल्या मातीत फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूमुळे मुळं कुजतात आणि धडधाकट दिसणारं झुडूप काही दिवसांत वाळतं. मातीचा सामू ५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. चुनखडी असेल तर नवी पानं पिवळी पडतात. स्फुरद टाळाच! निकस जमिनीतून कणकण स्फुरद गोळा करण्यासाठी यांची मुळं दाट झुपक्यांची झालेली असतात. नेहमीचं फुलझाडांचं खत घातलं की झुडपं विषबाधा झाल्यासारखी करपतात. हे झुपके अगदी वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्याभोवती खुरपं चालवत नाही. तण हातानेच उपटतो आणि खोडापासून थोडं दूर आच्छादन घालतो.

नव्या वाफ्यासाठी आता निवड झाली आहे: मागे सफारी सनसेट, पुढे इंका गोल्ड, आणि कडेला लाल रंगाची बुटकी सॅलिग्नम. तिघांमध्येही सॅलिग्नम आहे, त्यामुळे वसंतात एकाच दिवशी, एकाच पद्धतीने छाटता येतील. छाटलेल्या दांड्यांतले जून लाकडाचे तुकडे मी टाकून देणार आहे. कलमं शरदात, अर्धवट पिकलेल्या फांद्यांवरून करेन, तीही वाळू जास्त आणि खत अजिबात नसलेल्या मिश्रणात.