खाँसाहेब कोण करणार?

"गाणारा मिळेल हो. गप्प उभा राहणारा खाँसाहेब कुठून आणाल?"

मध्यंतरात, चहाच्या रांगेत मागून एक आजी बोलल्या. आमचा वाद पेटला होता : 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक पुन्हा उभं करायचं, तर त्यातला गवई, खाँसाहेब, कोणी करावा? मित्र म्हणे, मूळ खाँसाहेब करणाऱ्या वसंतराव देशपांडेंनंतर कोणी हातच लावू नये. मी २०१०चा प्रयोग पुढे करत होतो, त्यांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा.

आजींनी १९६७च्या मूळ संचाचा प्रयोग वडिलांबरोबर पाहिलेला. "पद संपलं तरी टाळी पडेना. बाबांनी माझं मनगट असं धरलं होतं." आणि त्यांनी माझं मनगट पकडलं. घट्ट. चहा हिंदकळला, तरी सोडलं नाही.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. आम्ही फक्त ताना मोजत होतो. पण संगीतकार अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत बांधलं, ते दोन घराणी, दोन स्वभाव ऐकू यावेत म्हणून. नाटककार दारव्हेकरांचा खाँसाहेब विद्या अडवून धरतो आणि आतून जळतो. ते नुसत्या गळ्यानं कसं पेलणार?

नाटक पुन्हा यावंच, असं मला मनापासून वाटतं. फक्त तालमीला भरपूर महिने द्या.

तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?