धाकटीने मान्य केले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बारावीनंतर माझ्या थोरल्या अपत्याने आपण मुलगी नसून मुलगा आहोत असे आम्हाला सांगितले, तेव्हा धाकटी नववीत होती. तिने ते मान्य केले का, हे नातेवाईक विचारतात, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, आणि ज्यांच्या घरी अशीच गोष्ट नुकतीच उघड झाली आहे असे पालक तर फोनवर सर्वांत आधी हेच विचारतात. माझे उत्तर असे, की निम्मे केले आहे आणि उरलेल्या निम्म्यासाठी मी तिच्या मागे लागलेली नाही.

तिला समजावून सांगा, असा सल्ला बहुतेक जण देतात. परंतु समजण्यात ती कुठेच कमी नव्हती. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल आणि त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी बाजू मांडल्याचे तिला माझ्याआधी ठाऊक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तृतीयपंथी असणे ही बाब मानसिक विकारांतून वगळली, हेही तिनेच तिच्या बाबांना सांगितले. दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असती, तर ती वर्गात उभी राहून त्याच्या बाजूने भांडली असती. येथे मात्र तिची ताई जात होती.

तिला पहिली पाळी आली तेव्हा मी कामावर होते. ताईनेच तिला सगळे दाखवले, पोट शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि मी घरी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. ज्याला स्वतःच्या शरीराची ही गोष्ट सोसवत नव्हती, त्यानेच आपल्याला धीर दिला हे उमगल्यावर ती मला म्हणाली, “मग तेव्हाचं सगळं नाटक होतं का?” हा प्रश्न मी तिला थोरल्यालाच विचारायला लावला. तो म्हणाला, “त्रास मला होत होता, पण तुझ्यापाशी बसलो होतो ते खरंच होतं.” एवढ्याने तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून तिने जुने फोटो लपवून ठेवणे बंद केले.

भाऊबीजेला दोघी मिळून एकाच ताटाने मामेभावाला ओवाळत असत. थोरला पाटावर बसेल अशी वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा तिने सरळ सांगितले की मी करंज्या तळीन, ओवाळणार नाही. माझ्या सासूबाईंनी आग्रह धरला. मी धरला नाही आणि थोरल्यानेही नाही. सक्तीच्या औक्षणात काय अर्थ असतो? त्याने करंज्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून तिला चिडवले. (कमीच होते.)

एका बाबतीत मात्र मी सूट दिली नाही. राग येऊ दे, रडू येऊ दे, त्याच्याबद्दल जे वाटेल ते रात्री माझ्यापाशी येऊन बोल, परंतु घरात त्याला त्याच्या नव्या नावानेच हाक मारायची, आणि भांडणात जुने नाव शस्त्रासारखे काढायचे नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनावर आईची सत्ता चालत नाही; जिभेवर थोडीफार चालते. तिच्या रागाचा भार त्याने उचलावा असेही मला वाटत नव्हते, कारण त्याच्या वाट्याचे ओझे आधीच पुष्कळ होते.

तिने पहिल्यांदा त्याची बाजू घेतली ती एका सरकारी अर्जावरून. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यानुसार आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र मिळत असे आणि पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अर्ज करावा लागत असे, हे तिने वाचले. “तो मुलगा आहे म्हणतोय ना, मग पुन्हा विचारायचं कशाला?” असे म्हणून ती त्याच्या बाबांवरच उखडली, जणू कायदा त्यांनीच केला होता.

शाळेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. थोरला त्याच शाळेच्या मुलींच्या खो-खो संघातून खेळलेला असल्याने तिथले सगळेच तिला ‘अमकीची धाकटी बहीण’ म्हणून ओळखतात, आणि मधल्या सुट्टीत तोच खुलासा पुन्हा पुन्हा करण्याचा तिला कंटाळा आला आहे. पुढच्या महिन्यात डोंबिवलीला मामेबहिणीचे लग्न आहे. तिथे काय करायचे ते तिने स्वतःच ठरवून मला सांगितले: “मी ‘हा माझा भाऊ’ म्हणेन, पण पुढचे प्रश्न आले की उत्तरं तू द्यायचीस.” मला हा सौदा रास्त वाटला आणि मी तो मान्य केला आहे.