वकील, सिनेटर आणि पुन्हा वकील

आज जामीनअर्जाची सुनावणी चौथ्यांदा पुढे ढकलली गेल्यावर, अशिलाच्या आईला पुढची तारीख सांगताना माझा आवाज खाली गेला. परतीच्या एसटीत मात्र फिलिपिन्सच्या होसे डिओक्नो यांच्याविषयी वाचले आणि मनाला उभारी आली.

युद्धामुळे कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या या माणसाने घरी अभ्यास करून, सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीने वकिलीची परीक्षा दिली आणि 1944 साली होविटो सालोंगा यांच्यासह पहिला क्रमांक मिळवला. 1962 मध्ये न्यायमंत्री असताना त्यांनी हॅरी स्टोनहिल या बड्या उद्योजकावर छापे घालण्याचे आदेश दिले आणि त्यातच त्यांचे मंत्रिपद गेले. पुढे 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच छाप्यांचे मोघम वॉरंट बेकायदेशीर ठरवले. डिओक्नो यांच्या विरोधातला तो निकाल बेकायदा झडतीतला पुरावा नाकारण्याचा आधार बनला, हे मला फार मोलाचे वाटते.

1963 मध्ये ते सिनेटवर निवडून आले. 1972 च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारताच त्यांना अटक झाली आणि कोणताही आरोप न ठेवता जवळपास दोन वर्षे डांबून ठेवण्यात आले. सिनेट तर बंदच झाली होती. सुटका झाल्यावर, 1974 मध्येच, त्यांनी राजकीय कैद्यांचे खटले विनामूल्य लढवणारी वकिलांची संघटना उभारली.

उद्या सकाळी त्या माऊलीला मी स्वतःहून फोन करणार आहे.