तुम्ही विचारलंत म्हणून: ते 'जपानी' चाचे नक्की कुठले?

मिंग घराण्याच्या काळात (१३६८–१६४४) चीनचा किनारा लुटणारे 'वोकोउ' खरंच जपानी होते का, हा नेहमीचा प्रश्न. शब्दाचा अर्थ तोच: जपानी लुटारू. चौदाव्या शतकात त्सुशिमा, इकी या जपानी बेटांवरून येणाऱ्या टोळ्यांना तो बराचसा लागूही पडतो. पण हे नाव गाजलं १५५०च्या दशकात, आणि तेव्हाच्या टोळ्यांत बहुतेक माणसं चिनी होती. मिंग घराण्याचा अधिकृत इतिहासच म्हणतो, दहांत तीन खरे जपानी, सात त्यांना सामील झालेले. आकडा अंदाजी आहे, पण रोख बरोबर आहे.

या लुटीचं मूळ सागरबंदीत आहे. १३७१ पासून खाजगी समुद्रव्यापार हा गुन्हा. परदेशी माल यायचा तो नजराणा आणणाऱ्या वकिलातींबरोबर, तोही मोजकाच. १५२३ मध्ये निंगबो या चिनी बंदरात जपानच्या दोन प्रतिस्पर्धी वकिलाती आपसांतच लढल्या आणि ही वाटही आक्रसली. त्याच सुमारास जपानात इवामीच्या खाणींतून चांदी निघू लागली. जपानला रेशीम हवं, चीनला चांदी. मग चोरटा व्यापार कोण थांबवणार? निंगबोसमोरच्या श्वांगयू बंदरात चिनी, जपानी, पोर्तुगीज सगळे सौदे करत. १५४८ मध्ये झू वान या अधिकाऱ्याने ते उद्ध्वस्त केलं, बंदराचं तोंडही बुजवलं. घोटाळा इथे झाला. व्यापारी संपले नाहीत, फक्त त्यांची पेठ गेली. किनाऱ्यावरचे प्रतिष्ठित लोक उधारीवर माल उचलत, पैसे मागितले की सरकारात कळवण्याची धमकी देत. अशी वसुली मग तलवारीने होई. परदेशी चोर हटवणं सोपं, देशी अवघड, आणि पदवीच्या पोशाखातले, म्हणजे हेच प्रतिष्ठित, सगळ्यांत अवघड, असं झू वाननेच लिहून ठेवलंय. पुढे त्याच्यावरच आरोप झाले आणि त्याने विष घेतलं.

सर्वांत बडा 'जपानी' म्होरक्या वांग झी हा मुळात ह्वीचौचा, म्हणजे समुद्रापासून आत असलेल्या व्यापारी मुलखाचा. त्याचे तळ मात्र जपानात, गोतो बेटांवर आणि हिराडोत. व्यापार खुला होईल या आशेने तो शरण आला आणि १५६०च्या सुरुवातीला हांगचौला त्याचं डोकं उडवलं गेलं.

मग नाव जपानी का राहिलं? ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. चिनी म्होरके जपानी कपडे घालत, जपानी निशाणं लावत. ओळख पटली तर गावाकडच्या नातलगांवर संकट. पकडलेल्या गावकऱ्यांचंही डोकं जपानी पद्धतीने भादरून त्यांना पुढे ढकलत, त्यामुळे 'जपानी' म्हणून कापून आणलेल्या शिरांच्या मोजदादीवर फार विसंबू नये. आणि अधिकाऱ्यालाही 'आपलीच रयत उठली' यापेक्षा 'परकं आक्रमण झालं' हे कळवणं केव्हाही बरं.

१५६७ मध्ये फुच्येन प्रांतातल्या युएगांग बंदरामधून परवान्याने बाहेर जायची मुभा मिळाली आणि हल्ले ओसरले. मिंग सेनापती छी जिक्वांगच्या फौजेचं श्रेय आहेच, पण ते एकट्या तिचं नाही. १५८९ मध्ये जहाजांचे परवाने ८८ ठरले. त्यांत जपानसाठी एकही नव्हता.