आमची वाटचाल : हिरव्या पपईची टुटीफ्रुटी

नंदुरबार जिल्ह्यातील आमचा शहादा तालुका पपईसाठी ओळखला जातो. पपेनसाठी, म्हणजे पपईच्या चिकातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकरासाठी (एन्झाइमसाठी), कच्च्या फळाला सकाळी उभ्या चिरा देऊन चीक काढला, की सालीवर डाग राहतात आणि आतला गर उत्तम असूनही ते फळ बाजारात कोणी घेत नाही. त्या फळाचे मोल शेतकऱ्याला मिळावे, या हेतूने २००९ साली मी आणि माझ्या पत्नीने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टुटीफ्रुटी करायला सुरुवात केली.

पहिल्याच घाण्यात आम्ही घाई केली. उकडलेल्या फोडी थेट घट्ट पाकात टाकल्या; दुसऱ्या दिवशी त्या सुरकुतून चिवट झाल्या होत्या आणि साठ किलो माल फेकून द्यावा लागला. पाक एकदम घट्ट असला, तर फोडीतले पाणी झपाट्याने बाहेर येते, साखर मात्र तितक्या वेगाने आत शिरत नाही, हे आम्हाला त्या नुकसानीनंतर समजले.

आज आम्ही फोडी आधी मिठाच्या पाण्यात आणि मग चुन्याच्या निवळीत ठेवतो. चुन्यातील कॅल्शियम फळातील पेक्टिनशी, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या द्रव्याशी, बांधले जाते, त्यामुळे फोड पुढे उकळूनही मोडत नाही. स्वच्छ धुऊन उकडलेल्या फोडी ४० ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने सुमारे ४० टक्के साखर असलेल्या, पाकात बुडवायच्या, रोज तो पाक निथळून आटवायचा, सुमारे १० अंशांनी वाढवून पुन्हा फोडींवर ओतायचा, असे करत ७० च्या पुढे जायचे. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसारही अशा पदार्थात एकूण साखर किमान ७० टक्के असावी लागते. पाकात थोडे सायट्रिक आम्ल घातले, की साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते; ते झाले नाही, तर काही आठवड्यांत फोडींवर पांढरे खडे धरतात. पहिल्या दिवसांचा पातळ पाक मे महिन्यात एका रात्रीत फसफसतो, म्हणून उन्हाळ्यात आमची भट्टी रात्रीही पेटलेली असते.

पुण्यातील एका बेकरीमालकांनी सांगितले, की आमच्या फोडी केकच्या तळाशी बसतात. फोडी वरून ओलसर राहत होत्या. तेव्हापासून आम्ही त्या अधिक वेळ सुकवतो आणि मैद्यात घोळवूनच पिठात घालाव्यात, असे प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो.

रंगांचा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो. परवानगी असलेलेच रंग आम्ही मर्यादेत वापरतो; बिटाचा रंग करून पाहिला, पण तो ओव्हनच्या उष्णतेत फिका पडला. गेल्या नाताळापासून आम्ही बिनरंगाच्या फोडीही काढतो. फिकट हिरवट आणि काचेसारख्या पारदर्शक अशा त्या फोडींना मागणी अजून महिन्याला चार-पाच पेट्यांचीच आहे, पण त्या हातात घेतल्या की ही पपई आहे, हे ओळखू येते.